वावरात ‘इन’ की ‘ऑन’? : वाचकांचे इंग्रजीचे प्रश्न

यावेळचे प्रश्न जास्त करून खेड्यापाड्यातून आलेत आणि मला ते फार आवडले, कारण ते गाइडातून उचललेले नाहीत, घरातले अन वावरातले आहेत. सगळे घेता आले नाहीत, पाच घेतो.

प्रश्न : सर, पोरगी दहावीत आहे. निबंधात तिनं ‘माय फादर वर्क्स इन द फार्म’ लिहिलं तर मॅडमनी ‘इन’ खोडून ‘ऑन’ केलं. मी तर वावरात काम करतो, वावरावर नाही. मंग पोरीचं चुकलं काय? (एक शेतकरी, दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, पोरीचा विचार बरोबर आहे, फक्त शब्दाची गाठ चुकली. इंग्रजीत ‘फील्ड’ वेगळं अन ‘फार्म’ वेगळं. ‘फील्ड’ म्हणजे आपलं वावर, चारही अंगानं धुरा म्हणजे बांध असलेला तुकडा, आपण त्याच्या आत डवरणी करतो म्हणून ‘इन द फील्ड’. ‘फार्म’ म्हणजे नुसती जमीन नाही, घर, गोठा, विहीर, ढोरं सगळा पसारा त्यात आला, अन त्याला ‘ऑन द फार्म’ असंच म्हणतात. तिनं ‘वर्क्स इन द फील्ड्स’ लिहिलं असतं तर मॅडमनी हातही लावला नसता. आणि बघा ना, आपणही दोन्ही बोलतोच की, ‘बाबा वावरात आहेत’ म्हणतो अन ‘बाबा शेतावर गेले’ असंही म्हणतो, तिथं कोणी विचारत नाही शेताच्या वर कसे चढले म्हणून.

असंच झाडाचं. मराठीत पाखरूही झाडावर अन संत्रंही झाडावर. इंग्रजीत संत्रं ‘ऑन द ट्री’, कारण ते झाडालाच लागलेलं आहे, आणि पाखरू ‘इन द ट्री’, कारण ते बाहेरून येऊन फांद्या-पानांच्या आत बसलंय. मोर्शी-वरुडकडं ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी हे पोरांना झाडाखाली उभं करून दाखवावं, वहीत लिहून देण्यापेक्षा लवकर डोक्यात जातं. गाडीचंही सांगून टाकतो. एसटी असेल तर ‘ऑन द बस’, काळीपिवळी असेल तर ‘इन द जीप’. जिच्यात उभं राहून चालता येतं तिथं ‘ऑन’, वाकून शिरावं लागतं तिथं ‘इन’, आणि सायकल-मोटरसायकलवर टांग टाकून बसतो तिथं परत ‘ऑन’.

प्रश्न : ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ दोन्हीचा अर्थ ‘पासून’च होतो ना? मग कुठं काय लावायचं? (बारावीचा विद्यार्थी, उमरखेड)

उत्तर : बेटा, ढोर बांधताना खुंटा असतो अन दोर असतो. ‘सिन्स’ म्हणजे खुंटा, कुठून सुरू झालं ती जागा : ‘सिन्स २०२१’, ‘सिन्स मंडे’. ‘फॉर’ म्हणजे दोर, किती लांब : ‘फॉर थ्री इयर्स’, ‘फॉर टू डेज’. मराठीत ‘२०२१ पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हीला ‘पासून’ चालतं म्हणून घोळ होतो, अन मग ‘फ्रॉम थ्री इयर्स’ असं लिहिलं जातं, ते मात्र चूक. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेव, इंग्रजी शब्द पाठ करताना त्याची जोडी सोडायची नाही, बैलजोडीसारखी सोबतच पाठ करायची. ‘डिपेंड’सोबत ‘ऑन’, ‘गुड’सोबत ‘ॲट’, ‘मॅरीड’सोबत ‘टू’. आपण ‘तिच्याशी लग्न’ म्हणतो म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितो. आणि ‘डिस्कस’ एकटाच चालतो, त्याच्यामागं ‘अबाउट’ जुंपू नको.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी रोज वीस इडियम्स पाठ करते, आठ दिवसांनी काहीच आठवत नाही. काय करू? (एक ताई, आर्वी)

उत्तर : ताई, वीस सोडा, दोन घ्या, पण त्या म्हणीच्या मागं कोणतं काम आहे ते आधी बघा. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ घ्या. ‘हे’ म्हणजे वाळवलेलं गवत. इंग्लंडमधे उन्हाळ्यातही पाऊस कधी येईल नेम नसतो, गवत कापलं की ते वाळेपर्यंत लागोपाठ दोन-चार दिवस कडक ऊन पाहिजे, भिजलं तर सडलं, अन हिवाळाभर जनावरं काय खातील? म्हणून ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या. ही म्हण जॉन हेवूड यांच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात आहे, इतकी जुनी.

आता हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागतं का? आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे त्यांनी एका वर्षी सोयाबीन सोंगलं, गंजी लावली, थ्रेशर दोन दिवसांनी येणार होतं. रात्री परतीचा पाऊस आला. ताडपत्री एका कोपऱ्यातून उडाली होती, सकाळी तिथला थर उचलला तर शेंगा गरम लागत होत्या, वास येत होता, चौथ्या दिवशी त्याच शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आले. ते दाणे मी हातात घेऊन पाहिलेत. गाइडात या म्हणीपुढं ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ लिहिलेलं असतं, ते मला अजिबात पटत नाही. त्यात संधी साधून आपला फायदा करून घेण्याचा वास आहे, इंग्रजी म्हणीत तो नाही, तिथं वेळेत केलेले कष्ट आहेत.

दुसरी घ्या, ‘ऑन टेंटरहुक्स’. आपण कापसाच्या मुलखातले, पण ही लोकरीच्या कापडाची आहे. लोकरीचं कापड धुऊन ओलं झालं की आकसतं, म्हणून ‘टेंटर’ नावाच्या लाकडी चौकटीवर आकड्या खिळ्यांना ताणून वाळत घालायचे. त्या कापडासारखा जीव ताणलेला, म्हणजे आपला ‘जीव टांगणीला लागणे’. निकालाच्या आदल्या रात्री काय होतं ते आठवा, म्हण विसरणार नाही.

प्रश्न : मुलानं लिहिलं, ‘आय ग्रू अप इन माय फादर्स शॅडो’. वडिलांच्या सावलीत वाढलो, किती छान वाक्य! तरी सर म्हणाले अर्थ उलटा होतो. खरं का? (पालक, ब्रह्मपुरी)

उत्तर : हो, खरं आहे, आणि यात मुलाचा काहीच दोष नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी निंबाखाली दोन मिनिटं टेकलं तरी जीव गार होतो, म्हणून सावली म्हणजे माया, आसरा, आणि बाप गेला की ‘डोक्यावरची सावली गेली’ असं म्हणतो. इंग्लंड थंड, तिथं लोक उन्हाची वाट बघतात, सावली म्हणजे ऊन अडवणारी. म्हणून ‘इन समवन्स शॅडो’ म्हणजे कोणाच्या तरी मोठेपणाखाली झाकोळून जाणं, आपली स्वतःची ओळखच न होणं. मुलानं ‘अंडर माय फादर्स केअर’ लिहावं. ‘वॉर्म वेलकम’चंही तेच, त्याचं ‘गरम स्वागत’ करू नका, ‘मायेची ऊब’ आठवा. ‘कोल्ड शोल्डर’ म्हणजे मुद्दाम दुर्लक्ष करणं, तिथला ‘कोल्ड’ आपल्या ‘डोकं थंड ठेव’मधला नाही.

प्रश्न : ‘वन्स इन अ ब्लू मून’, चंद्र खरंच निळा होतो का? (सातवीची विद्यार्थिनी, पुसद)

उत्तर : सहसा नाही गं बेटा. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ‘ब्लू मून’ म्हणतात. ऑगस्ट २०२३ मधे १ तारखेला एक पौर्णिमा होती अन महिना संपता संपता ३१ ला दुसरी. साधारण अडीच-तीन वर्षांतून असं होतं, आणि म्हणीचा अर्थ ‘क्वचित कधीतरी’. आपल्याकडं ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतात तो जवळचा. त्याच वर्षी आपला अधिक श्रावणही आला होता, आणि तुझ्या आजीला विचार, तिला अधिक महिन्यावरून ‘दुष्काळात तेरावा महिना’ माहीत असेल, संकटावर संकट. इंग्रजीत त्यासाठी ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स’ म्हणतात. त्यांचं संकट धो धो पावसानं येतं, आपलं पाऊस न आल्यानं.