वाचक विचारतात : भविष्यवाणी आणि उत्खननातला पुरावा

प्रश्न : सोर नगराच्या नाशाबद्दल यहेज्केलाने 26व्या अध्यायात सांगितले ते सिकंदराने अक्षरशः पूर्ण केले, असे प्रवचनांत ऐकतो. उत्खननाने हे सिद्ध झाले आहे का?

उत्तर : काही वचनांपुरते झाले आहे, सगळ्या अध्यायापुरते नाही. सोर दोन जागी वसले होते : किनाऱ्यावरची वस्ती आणि समोरच्या बेटावरचे तटबंदीचे शहर. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा वेढा 13 वर्षे चालला, असे पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस लिहितो, पण बेटावरची लूट त्याच्या हाती लागली नाही. हे टीकाकारांना शोधून काढावे लागलेले नाही. खुद्द यहेज्केलच 29:18 मध्ये सांगतो की सैनिकांची टाळकी उघडी पडली, खांदे सोलवटले, तरी मेहनतीचे फळ मिळाले नाही.

इ.स.पू. 332 मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या वस्तीचे दगड-लाकूड समुद्रात ढकलून बेटापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांत शहर घेतले. ‘तुझे दगड, लाकडे व माती पाण्यात टाकतील’ या 12व्या वचनाशी हे चांगलेच जुळते. बांधाच्या दोन्ही अंगांना वाळू साचत गेली आणि बेट कायमचे किनाऱ्याला जोडले गेले. तिथल्या गाळाच्या थरांवरचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या पट्ट्यात पाण्याखाली आधीपासूनच वाळूची उथळ दांडी होती, म्हणून तो बांध उभा राहू शकला, असे त्यात दिसते.

खरी अडचण 14व्या वचनात आहे : ‘तुला पुन्हा बांधणार नाहीत.’ सिकंदरानंतर वीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा याच शहराने सिकंदराचा सेनापती अँटिगोनस याच्या वेढ्याला वर्षभराहून अधिक काळ दाद दिली नाही. प्रेषितांची कृत्ये 21 मध्ये पौल इथे उतरतो आणि शिष्यांकडे सात दिवस राहतो. लेबनॉनमधले आजचे सूर हेच ते. हे वचन केवळ किनाऱ्यावरच्या वस्तीबद्दल आहे, असा बचाव केला जातो. मग 5व्या वचनातले ‘समुद्राच्या मध्ये’ कुठे बसवायचे? 7 ते 11 वचनांत ‘तो’ (म्हणजे नबुखद्नेस्सर) आहे आणि 12व्यात एकदम ‘ते’ येते, म्हणून तिथून पुढे इतर राष्ट्रांबद्दल बोलणे आहे, हा मुद्दा मात्र वजनदार आहे. 3ऱ्या वचनातही ‘पुष्कळ राष्ट्रे’ आहेतच.

प्रश्न : यशयाने पारसाचा राजा कोरेश (सायरस) याचे नाव दीडशे वर्षे आधी लिहिले आणि कोरेशाचा मातीचा लेख त्याला साक्ष देतो, हे खरे का?

उत्तर : भाजलेल्या मातीचा तो दंडगोल 1879 मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मर्दुक देवाने कोरेशाला निवडले, त्याने निरनिराळ्या गावांचे देव त्यांच्या मंदिरांत परत नेले आणि तिथल्या लोकांनाही परत पाठवले, असे त्यात कीलाक्षरांत कोरले आहे. यहूदी किंवा यरुशलेम हे शब्द कुठेच नाहीत. एज्राच्या 1ल्या अध्यायातला, यहूद्यांनी परत जाऊन मंदिर बांधावे असा हुकूम कोरेशाच्या धोरणात बसतो एवढे यावरून म्हणता येते, आणि तेही काही थोडे नाही. (इंटरनेटवर फिरणारा ‘गुलामगिरी रद्द केली’ असा मजकूर बनावट भाषांतरातला आहे, तो उद्धृत करू नका.)

यशया हे नाव आधी लिहून गेला का, हा निराळाच प्रश्न. यशया इ.स.पू. 8व्या शतकातला, कोरेशाने बाबेल घेतले ते 539 मध्ये. 40व्या अध्यायापासूनचा भाग यहूद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्या काळातला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंपरा एकच लेखक मानते. या वादात मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेल्या यशयाच्या गुंडाळीचा दाखला हमखास येतो. सात मीटरहून लांब अशा या गुंडाळीत 40वा अध्याय नवा स्तंभ न घेता आधीच्याच स्तंभाच्या शेवटच्या ओळीवर सुरू होतो. पण ती लिहिली गेली साधारण इ.स.पू. 125 च्या सुमारास, म्हणजे कोरेशानंतर चारशे वर्षांनी. तेव्हा पुस्तक अखंड होते हे तिच्यावरून ठरते, मूळ लेखनाचा काळ ठरत नाही.

प्रश्न : मग त्यातल्या त्यात भक्कम उदाहरण कोणते?

उत्तर : अश्शूरची राजधानी निनवे हिच्या नाशाबद्दलचे नहूमाचे पुस्तक. 3:8-10 मध्ये नहूम मिसरातल्या नो-आमोनचा (थीब्जचा) पाडाव झाल्याचे सांगतो. तो इ.स.पू. 663 चा, म्हणजे पुस्तक त्यानंतरचे. निनवे पडले 612 मध्ये. बाबेलच्या इतिवृत्ताची मातीची पाटी तीन महिन्यांच्या लढाईची नोंद देते आणि शहराच्या हाल्झी वेशीत उत्खननात बाणांच्या टोकांसह सांगाडे मिळाले. 2:6 मधली ‘नद्यांची द्वारे’ म्हणजे पूर, हे मात्र डिओडोरस या फार नंतरच्या ग्रीक लेखकाच्या आधारे म्हणतात. पाटीच्या वाचता येणाऱ्या भागात पूर नाही. शिवाय पुस्तक 650 च्या आसपासचे असेल, तर अश्शूर ऐन भरात असताना केलेले ते भाकीत आहे. 614 मध्ये अश्शूर नगर पडल्यावरचे असेल, तर निनवेचे काय होणार हे तेव्हा बऱ्याच जणांना दिसत असणार.