सील गळाला लागलेला सॅमन पळवतात. त्यांना हाकलायचा कायदेशीर उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की सिअ‍ॅटलजवळ एडमंड्सच्या धक्क्यावरून गळ टाकता, एका महिन्यात तीन सॅमन सीलने नेले, आणि आता गोफण, फटाके, काहीही चालेल पण त्याला अद्दल घडवायचीय. गोफणीचं उत्तर आधी देतो: नाही. आपला मासा नि सामान वाचवायला सीलला हुसकावता येतं, पण त्याला इजा होईल असं काही करता येत नाही. ओरडा, बादली बडवा. तो ढिम्म हलणार नाही, पण तुम्हाला बरं वाटेल.

आता खरं काय झालं ते सांगतो, कारण हाच धक्का, हाच सील (निदान त्याचा भाऊबंद) आणि माझ्या घरात दोन वर्षं धुमसणारं भांडण.

ऑगस्ट २०२३. विषम साल, म्हणजे पिंक सॅमनचं साल. बाबा देवबागहून आमच्याकडे आले होते. त्यांच्यासाठी तीन दिवसांचा परवाना काढला तर म्हणाले, "गरी टाकूक पण कागद?" साडूभाऊही सोबत होते. पहाटे पाचला कठड्याला खांदा लावायला जागा नाही, सगळ्यांच्या दोरीला तोच गुलाबी बझ बॉम्ब (धातूचं खोटं आमिष). सहाच्या सुमाराला माझ्या दोरीला ओढ बसली. चांगला मासा होता, पाच मिनिटं खेळवला, पाण्यावर आणला. धक्का उंच, त्यामुळे मासा नुसता दोरीने वर खेचता येत नाही, तुटतो. गोल जाळं दोरखंडाने खाली सोडायचं, मासा त्यात घ्यायचा आणि मग वर ओढायचं. जाळं साडूभाऊंकडे होतं.

मासा खाली पांढरं पोट दाखवत पडलाय. शेजारचे आजोबा त्यांच्या भाषेत ओरडताहेत. आणि पाण्यातून भिजलेल्या कुत्र्यासारखं एक काळं डोकं वर आलं, इकडेतिकडे पाहिलं, जणू टोकन नंबर पुकारल्यासारखं पुढे आलं आणि मासा घेऊन गेलं. माझ्या दोरीला उरलं ते डोकं आणि दोन कल्ले.

साडूभाऊंनी खिशातलं शिशाचं वजन काढून त्या सीलवर फेकलं. लागलं नाही, नशीब. मग गाडीत, घरी, आणि पुढे प्रत्येक गणपतीत एकच भाषण: सील माजलेत, कायद्याने लाडावलेत, थोडे मारल्याशिवाय सॅमन वाचणार नाही.

बाबांचं काय? देवबागला आमच्या जाळ्यांची भोकं गाद्यांनी पाडलेली. गादा म्हणजे किनाऱ्याजवळचा डॉल्फिन. जाळ्यातला मासा ओढतो, जाळं फाटतं, मग रात्रभर सुई-दोरा. बाबा गाद्यांना ज्या शिव्या घालायचे त्या इथे लिहिता येणार नाहीत. पण त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, "मासो वर येवच्या आदी जाळा खाली व्हया." बस. सीलबद्दल चकार शब्द नाही.

मारून किंवा हटवून सॅमन वाचतात का, तर बॅलार्ड लॉक्सचं (बोटींसाठी पाण्याची पातळी बदलणारे सिअ‍ॅटलमधले दरवाजे) पाहा, तुमच्यापासून अर्ध्या तासावर. ऐंशीच्या दशकात तिथे सी-लायन (सीलचे मोठे भाऊबंद) माशांना वर चढायला बांधलेल्या शिडीच्या तोंडाशी बसून स्टीलहेड (सॅमनच्याच कुळातला मासा) खायचे. लोकांनी त्यांना हर्शल हे नाव ठेवलं. फटाके झाले, पाण्याखाली आवाज झाले, पकडून कॅलिफोर्नियापर्यंत सोडून आले, ते काही आठवड्यांत पोहत परत. १९९६ मध्ये भीती घालायला फायबरचा खोटा किलर व्हेल आणून ठेवला, आणि त्याच वर्षी तीन सी-लायन कायमचे ऑर्लँडोच्या सीवर्ल्डला पाठवले. स्टीलहेड परत आले का? नाही. साडूभाऊ हे ऐकून घेत नाहीत. शिवाय १९६० पर्यंत हेच वॉशिंग्टन राज्य सील मारणाऱ्याला इनाम देत होतं, पण तेव्हाही सॅमनची वाट अडवणारी धरणं बांधली जातच होती.

गंमत म्हणजे अमेरिकेचा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा आणि आपला वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. फरक इतका की कोकणात गादा ज्याचं जाळं फाडतो त्याचं घर त्यावर चालतं. तिथे २०१८ पासून जाळं कापून डॉल्फिन किंवा कासव सोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई तरी मिळते. तुम्ही-आम्ही इथे दोनशे डॉलरचा रॉड घेऊन हौसेला येतो, घरी फ्रिज भरलेला असतो. आपण कसली भरपाई मागायची?

तुमच्यासाठी कामाचं: मासा टिकून असतानाच जाळं पाण्यात हवं. जाळ्याला एक माणूस ठरवून ठेवा, त्याला दुसरं काम नको. सील दिसला की दोरी सैल सोडून खेळवत बसू नका, नाहीतर अर्ध्या तासासाठी जागाच बदला. साफ केलेल्या माशाची आतडी धक्क्यावरून टाकू नका. सीलला धक्क्याची सवय आपणच लावतो, आणि त्याला खाऊ घालणं बेकायदा आहे. सोडायचा रानटी मासा (पैदास केंद्रात न वाढवलेला, पाठीवर शेपटीजवळचा छोटा पर शाबूत असलेला) फार दमवू नका, दमलेला सोडला तर तोही सीलचाच.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, नाहीतर खोटं होईल. प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलच्या या खाडीत, सील आणि सी-लायन खरोखर खूप वाढलेत. १९७० ते २०१५ मध्ये त्यांनी खाल्लेला चिनूक सॅमन वर्षाला ६८ टनांवरून ६२५ टनांवर गेल्याचा अंदाज आहे, आणि त्याच चिनूकवर जगणारे इथले किलर व्हेल जेमतेम पाऊणशे उरलेत. इथल्या आदिवासी जमातींना १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने अर्ध्या माशांचा हक्क दिलाय. त्यांनी सीलबद्दल तक्रार केली तर ती मी ऐकतो. साडूभाऊंची नाही.

कारण त्या सकाळचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. त्यांनीच काढलेला. सील येण्याआधी ४२ सेकंद मासा पाण्यावर पडलेला दिसतो, आणि कोपऱ्यात जाळं, कठड्याला टेकवलेलं, कोरडं.