बगॅसच्या पट्ट्याला रोलर कोणता?

प्रश्न : धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. बगॅस (उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा) वाहून नेणाऱ्या आमच्या पट्ट्याचे एमएस (साध्या पोलादाचे) रोलर, त्यातही परतणाऱ्या रिकाम्या पट्ट्याला खालच्या बाजूने आधार देणारे रिटर्न रोलर, दर हंगामाच्या तोंडावर मोठ्या संख्येने जाम झालेले सापडतात. एका विक्रेत्याने यंदा कारखान्यातील सगळेच रोलर एचडीपीईचे (एका टणक प्लॅस्टिकचे) करून घ्या, असे सुचवले आहे. तसे करावे का? – एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : सरसकट सगळे बदलू नयेत; बगॅसच्या पट्ट्याचे रिटर्न रोलर मात्र अवश्य बदलून पाहावेत. पण खरेदीची मागणी लिहिण्याआधी जाम झालेले चार-पाच रोलर खाली उतरवून कापून पाहा. बाहेरची नळी शाबूत आहे आणि बेअरिंगमध्ये मात्र गंजाचा तांबूस चिखल भरला आहे, असे दिसले, तर दोष नळीच्या धातूचा नसून सीलचा (बेअरिंगमध्ये पाणी व धूळ शिरू न देणाऱ्या झाकणाचा) आहे, आणि तेच सील असलेला एचडीपीईचा रोलरही पुढच्या वर्षी तसाच जाम होईल. याउलट नळी एका बाजूने झिजून कागदासारखी पातळ झाली असेल, तर रोलर फिरायचा थांबल्यावर पट्टा त्यावरून घासत राहिला, असे समजावे. अशी नळी फाटली की तिच्या कडेला विळ्यासारखी धार येते आणि ती पट्टा उभा चिरत जाते. रोलरच्या किमतीपेक्षा पट्ट्याची किंमत कितीतरी मोठी असते, म्हणून ही तपासणी टाळू नये.

आपल्याकडचा खरा शत्रू मला गळिताचा हंगाम नव्हे, तर त्यानंतरचा बंद काळ वाटतो. मिलमधून निघणाऱ्या बगॅसमध्ये वजनाने जवळपास निम्मे पाणी असते आणि थोडी साखरही उरलेली असते. पट्ट्याला चिकटलेला हा भुसा रिटर्न रोलरवर थराथराने बसतो, तिथेच आंबतो आणि त्यातून तयार होणारे आम्ल साध्या लोखंडाला खाते. उन्हाळ्यात तो थर वाळून घट्ट होतो, मृगाच्या पावसात पुन्हा भिजतो आणि रोलर महिनोन्‌महिने एकाच जागी उभा राहतो. इथे एचडीपीई खरोखर उपयोगी आहे, कारण त्याला गंज चढत नाही आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर थर सहसा घट्ट धरत नाही. वजनही कमी भरते, त्यामुळे उंचावरच्या पट्ट्यावर माणसाला रोलर बदलणे सोपे जाते. घनतेने हे प्लॅस्टिक लोखंडाच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतके असले, तरी नळी जाड ठेवावी लागते आणि शाफ्ट व बेअरिंग पोलादाचेच असतात, म्हणून वजन आठपट घटेल असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका.

आता मर्यादा. एचडीपीई साधारण 130 अंश सेल्सिअसला वितळते, पण भार पेलण्याची त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधीपासूनच उतरू लागते. बॉयलरची राख वाहणाऱ्या पट्ट्यावर ते बसवण्याचा विचारही करू नये. तिथे पोलादच हवे. तापल्यावर ते पोलादापेक्षा अनेक पटींनी अधिक प्रसरण पावते, त्यामुळे मराठवाड्याच्या मे महिन्यात उघड्यावर तापलेल्या रोलरच्या टोकाशी दाबून बसवलेली बेअरिंगची वाटी सैल होण्याचा संभव असतो. ती कशी बसवली आहे, हे विक्रेत्याला विचारा. सर्वांत गंभीर बाब आगीची आहे. एचडीपीई जळते, त्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि कोरड्या बगॅसची धूळ चटकन पेट घेते. म्हणून आगरोधक व विद्युतभार साचू न देणाऱ्या प्रतीचाच आग्रह धरावा, आणि तसे प्रमाणपत्र नसेल तर माल परत पाठवावा.

साखरेच्या 50 किलोच्या पोत्यांचा पट्टा एमएस रोलरवरच ठेवा. जिथे सुटी साखर वाहते तिथे स्टेनलेस स्टील 304 महाग असले तरी तेच योग्य, कारण गंजाची खपली साखरेत पडणे परवडणारे नाही. बगॅस हलका असल्याने तो पट्ट्यावर पडतो त्या जागी धक्का झेलणारे रबरी चकत्यांचे इम्पॅक्ट रोलर घेण्याची गरज मला वाटत नाही. एमएस रोलर मागवताना आयएस 8598 आणि नळीसाठी आयएस 9295 या भारतीय मानकांचा उल्लेख मागणीपत्रात करावा.

हंगाम संपताच रिटर्न रोलर खरवडून धुवावेत, पाण्याचा झोत मात्र सीलवर थेट मारू नये. पट्टा ताणून धरणारे वजन उचलून पट्टा सैल करावा आणि पंधरवड्यातून एकदा प्रत्येक रोलर हाताने फिरवून त्याचा आवाज ऐकावा. खरखर ऐकू आली, तर त्यावर खडूने खूण करून तो हंगामाआधी बदलावा. यंदा एकाच रिटर्न टप्प्यात दहा एमएस आणि दहा एचडीपीई रोलर आलटून-पालटून बसवा, सर्वांना एकाच प्रकारचे सील ठेवा आणि पुढच्या वर्षी पट्टा सुरू करण्याच्या दिवशी किती फिरतात, ते मोजा.