युद्धातलं वय लिहिताना

प्रिय,

तुझ्या आठवणींवर बेतलेल्या युद्धकाळच्या कादंबरीची पानं दोनदा वाचली. मजकूर जिवंत आहे, पण एक चूक सगळीकडे पसरली आहे. हवाई हल्ल्याचा पहिला भोंगा वाजतो त्याच पानावर तुझा तेरा वर्षांचा निवेदक म्हणतो, ‘तिथून चार वर्षांचा अंधार सुरू झाला.’ ती चार वर्षं त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हती. शेवट ठाऊक असलेला निवेदक घाबरत नाही. मग वाचक तरी कशाला घाबरेल?

ब्रिटनचं बघ. १ सप्टेंबर १९३९पासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, बहुतेक मुलंच, शहरांतून खेड्यांत हलवली. बॉम्ब काही पडेनात, म्हणून काही महिन्यांत बरीचशी मुलं घरी परतली. लंडनवर सलग हल्ले सुरू झाले ते ७ सप्टेंबर १९४०ला. मधलं वर्ष इतिहासात दोन ओळींत उरकतं. मुलांनी मात्र ते एकेक दिवस करून काढलं: कंटाळा, परक्या घरची शिस्त, घरी जायचा हट्ट. तुझी कादंबरी तिथे आहे.

तेव्हा आधी तक्ता कर. तारीख, वय (महिन्यांसकट), त्या दिवशी घरात पोचलेली बातमी, आणि अंगात झालेला बदल. बातमीच्या रकान्यात नंतर वाचलेलं काहीही नको. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा, कारण टंचाई असली तरी वाढ थांबत नाही. १ जून १९४१ला ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन आलं: वर्षाला माणशी ६६ कुपनं, आणि मोठ्यांच्या मापाच्या एका लोकरी फ्रॉकलाच ११ जायची. सहा महिन्यांत बाह्या आखूड होणाऱ्या मुलीला आईपुढे हात पसरावा लागतो, त्या एका प्रसंगात युद्ध आणि वयात येणं दोन्ही मावतं.

मग ‘नंतर कळलं’, ‘तेव्हा कुठे ठाऊक होतं’ अशी वाक्यं शोधून काढून टाक.

खऱ्या माणसांची नावं आत्ताच बदल. नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकने २८ मार्च १९४४ला रेडिओवर डायऱ्या जपण्याचं आवाहन ऐकलं आणि मे महिन्यात स्वतःची डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली. सोबतच्या माणसांसाठी तिने वेगळी नावंही योजली होती. नाव बदललं की खऱ्या माणसाचा संकोच सुटतो. दोन मित्रांचा एक केलास, तर कुणाला काय माहीत होतं ते पुन्हा तपास. विसंगती बहुधा तिथूनच शिरते.

आठवत नसलेला संवाद खुशाल रच. रेशनचं माप आणि भोंग्याची वेळ मात्र रचू नकोस.

पहिली दहा पानं पुन्हा लिहून पाठव. सोबत तक्ताही हवा.