कंसात घातलेला भाऊ

प्रश्न : मी अल्पसंख्याक समाजातली शिक्षिका आहे. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी माझी मुलाखत आहे. सहकारी म्हणतात, तिथे स्पर्धा कमी म्हणून निघालीस. मुख्याध्यापिका मात्र ‘तुमच्यासारखी माणसेच या मुलांना माया लावतात’ असे सांगून धीर देतात. (माझ्या धाकट्या भावालाही शाळेने मतिमंद ठरवले होते. चाचणीत तीन पायांच्या खुर्चीचे चित्र दाखवून ‘काय कमी आहे?’ असे विचारले, तेव्हा तो गप्प बसला. मी तेच घरच्या भाषेत विचारताच ‘पाय’ म्हणाला आणि मला खोलीबाहेर काढण्यात आले.) ‘हेच क्षेत्र का?’ या प्रश्नाला ‘सेवाभाव’ हे उत्तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तो शब्द त्या दिवशी जो तो उच्चारणार आहे आणि तुमच्या बाबतीत तो खराही नाही. खरे कारण तुम्ही कंसात दडवले आहे.

ज्या मुलाला मुळातच भाषिक अक्षमता असते, त्याची अडचण त्याच्या दोन्ही भाषांत दिसते; जो शाळेची भाषा नुकतीच शिकू लागला आहे, तो घरच्या भाषेत विचारले की उत्तर देतो. तपासनिसाने करायची ही पारख एका शाळकरी मुलीने केली आणि दाराबाहेर उभे राहायची पाळी तिच्यावरच आली. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीत चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवत असत. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा कुठे १९७० मध्ये मुलाची चाचणी त्याच्या पहिल्या भाषेत घेण्याचे मान्य झाले. (तिथेही एखादी बहीण कुजबुजली असेलच.)

मुख्याध्यापिकांच्या कौतुकाने तुम्ही सुखावला आहात. मला त्यांचाच राग आला. माया लावणारी माणसे शाळेला सोयीची असतात, कारण ती कोणाचा अहवाल खोडून काढत नाहीत. उलट बाजूची चूकही तितकीच होते : ‘भाषेमुळे मागे आहे’ असे म्हणत खरोखर मदतीची गरज असलेल्या मुलाला वर्षानुवर्षे तसेच ठेवले जाते. दोन्ही चुका पकडायच्या तर मूल्यमापनाचे शास्त्रच शिकावे लागेल आणि तुम्ही त्यासाठीच निघाला आहात.

तेव्हा मुलाखतीत ती खुर्ची, तो ‘पाय’ आणि ते दार, एवढेच सांगा. त्याआधी भावाला मात्र विचारून घ्या; गोष्ट त्याचीही आहे.