रंगाच्या पाण्यावर ऊन आणि टायटॅनियम डायऑक्साइड: रंग गेला, मग पाणी शुद्ध झालं का?

तुम्ही विचारलंय की मिथिलीन ब्लूच्या पाण्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घालून ते उन्हात ठेवलं आणि निळा रंग गेला, तर पाणी शुद्ध झालं असं म्हणता येईल का. एवढ्यावरून नाही म्हणता येणार. मी प्रयोगशाळेत याच विषयावर काम करतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

अ‍ॅनाटेज प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप (आतला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो. त्यामुळे त्याला साधारण ३८८ नॅनोमीटरच्या आतला, म्हणजे अतिनील प्रकाशच लागतो, आणि उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. हा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धनभारित पोकळी उरते. त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील, अल्पजीवी कण) तयार होतात आणि ते जवळच्या जवळपास कुठल्याही सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. पुरेसा वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रेट-सल्फेटसारखे क्षार उरतात.

अडचण त्या ‘पुरेशा वेळा’ची आहे. रंग रेणूच्या एका भागामुळे दिसतो. उदाहरणार्थ, अ‍ॅझो नावाच्या गटातल्या रंगांमधला नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटला की रंग संपतो, पण बेंझिनची कडी असलेले तुकडे पाण्यातच राहतात. त्यांतले काही मूळ रंगाहून घातक असू शकतात.

मिथिलीन ब्लू तर आणखी चकवा देतो. तो पुडीच्या कणांना नुसता चिकटतो, म्हणून आधी अर्धा तास अंधारात ढवळून मगच मोजणी सुरू करायची. ऑक्सिजन कमी पडला तर त्याचं क्षपण होऊन (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून) ‘ल्युको’ नावाचं रंगहीन रूप बनतं. प्रकाश बंद करून नमुन्यात हवा सोडली आणि निळेपणा परतला, तर तेवढा रंग तुटलेलाच नव्हता असं समजा. शिवाय तो स्वतः दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे उत्प्रेरकाने (क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाने, इथे टायटॅनियम डायऑक्साइडने) स्वतः प्रकाश न शोषताही रंग उडू शकतो. म्हणून ‘माझा नवा उत्प्रेरक दृश्य प्रकाशात चालतो’ हा दावा केवळ या रंगाच्या जोरावर केलेला असेल, तर मी तो मानत नाही.

खऱ्या सांडपाण्यात गडद रंगामुळे प्रकाश आत पोचत नाही, बायकार्बोनेट आणि क्लोराइड रॅडिकल खाऊन टाकतात आणि बारीक पूड गाळून काढणं जिकिरीचं होतं. फोटो-फेंटन पद्धत (लोह, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाश वापरणारी) जास्त वेगवान आहे, पण तिला पीएच २.८ च्या आसपास लागतो आणि शेवटी लोहाचा गाळ निघतो. म्हणून जैविक प्रक्रियेनंतर जो थोडा चिवट रंग उरतो, त्याच्यासाठीच मी प्रकाशाचा टप्पा ठेवेन.

तुमच्या प्रयोगात आता एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. ती सोय नसेल तर निदान सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या रासायनिक ऑक्सिडेशनला लागणारा ऑक्सिजन). पुडीशिवाय फक्त उन्हात ठेवलेला एक नमुनाही सोबत हवाच. जमलं तर तोच प्रयोग फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर करा (हातमोजे घालून, ते विषारी आहे). त्याला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे उत्प्रेरक खरंच किती काम करतो ते कळेल.