ट्रॅक्टर येतो, मग फोर्कलिफ्टचं वेगळं ट्रेनिंग कशाला?

तुम्ही विचारलंय की गावाकडं ट्रॅक्टर चालवलाय, वाळूजला एका गोडाऊनवर फोर्कलिफ्टचं काम मिळतंय, ठेकेदार म्हणतोय ‘सर्टिफिकेटचं मी बघतो’, तर वेगळं ट्रेनिंग घ्यावं का आणि पगार किती मिळेल.

घ्या. आणि ‘मी बघतो’ म्हणणाऱ्याकडून सर्टिफिकेट तर मुळीच घेऊ नका. माझे साडू वाळूज-चिकलठाण्याला लेबर पुरवतात आणि शब्दन् शब्द हेच बोलतात, म्हणून हे उत्तर लांबणार.

ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. ट्रॅक्टरवाला रॅकच्या गल्लीत वळतो तेव्हा नजर माल उचलायच्या पुढच्या काट्यांवर असते आणि मागचं काउंटरवेट, म्हणजे तोल धरणारं जड लोखंड, बाहेर फेकलं जातं. ते कॉलमला लागलं तर पत्रा वाकतो, माणसाला लागलं तर पाय जातो. ही सवय मोडायला ट्रॅक्टरवाल्याला कोऱ्या पोरापेक्षा जास्त दिवस लागतात. साडूंना हे पटत नाही. नांगर ओढणाऱ्याला पॅलेट (माल रचायची फळी) उचलणं काय अवघड, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांच्याच ठेक्यावर मी डिझेलची तीन टनी फोर्कलिफ्ट चालवत होतो. ट्रकमधून मशीनची लाकडी पेटी आली. चलनावर वजन 2800 किलो, पेटी चौकोनी, दोन्हीकडून 1.6 मीटर. म्हणजे वजनाचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून 800 मिलिमीटरवर. गाडीच्या प्लेटवर ‘3 टन’ लिहिलेलं होतं, पण ते 500 मिलिमीटरच्या लोड सेंटरला, म्हणजे वजनाचा मध्य काट्यांच्या पाठीपासून तेवढ्यावर असेल तरच. मध्य तेवढा पुढं सरकला की अशी गाडी साधारण सव्वादोन टनांचीच राहते, आणि मास्ट (काटे वर-खाली नेणारा पुढचा खांब) वर गेला की अजून कमी.

साडू म्हणाले, “पाव्हणे, दोनशे किलो शिल्लकच आहेत की. लई वाटलं तर मागं दोन पोरं उभी करतो.” आणि खरंच दोन हमाल काउंटरवेटवर चढवले. मी म्हणालो, “शिल्लक आहेत तर पोरं कशाला चढवली?” त्याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी किल्ली खिशात घातली आणि पोरांना खाली उतरवलं. मागची चाकं उचलली की पोरं आधी घसरतात आणि गाडी परत आदळते तेव्हा खालीच सापडतात. शेवटी हायड्रा क्रेन मागवावी लागली. तिचं भाडं आणि ट्रक अडकल्याचे पैसे साडूंच्या बिलातून गेले. तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न असो, पंगतीत ‘आमचे पाव्हणे भित्रे’ हा विषय निघतोच. त्या दिवशीचे दोन्ही हमाल आज धडधाकट आहेत, हे कुणी काढत नाही.

तर ट्रेनिंग कसलं? हॉलमध्ये पडद्यावर चित्रं, चहा-बिस्कीट आणि हजेरीपटावर सही, हे ट्रेनिंग नव्हे. जी गाडी चालवायची त्याच गाडीवर, भरल्या पॅलेटसह, उतारावर चालवून घेतात का ते विचारा. भरलेल्या गाडीचं वजन कायम चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्स. पुढचं दिसत नसेल तरीही रिव्हर्स, फक्त चढ सोडून, तिथं खाली माणूस उभा करायचा. काटे जमिनीपासून वीतभर, मास्ट मागं झुकवलेला. शिफ्टच्या आधी ब्रेक, हॉर्न, चेन, होज, टायर स्वतः बघायचे. प्लेट वाचायला शिकवत नसतील तर फी परत मागा.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. ट्रॅक्टरवाल्याचा पहिला विचार उडीचाच असतो आणि वरची जाळी नेमकी त्याच्यावरच येते. सीट बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडतोय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. आमच्याकडं बेल्ट सीटमागं खोचून ठेवतात, कारण शिफ्टमध्ये पन्नासदा उतरावं लागतं. कारण खरं आहे, तरी लावा.

अमेरिकेत ऑपरेटरला किमान दर 3 वर्षांनी पुन्हा तपासायची सक्ती मालकावर आहे. इथं एकदा लॅमिनेट केलेलं कार्ड माणूस रिटायर होईपर्यंत चालतं.

वर लिहिलं ते बसून चालवायच्या गाडीचं आहे. मागून चढायच्या, उभ्यानं चालवायच्या रीच ट्रकमध्ये गाडी उलटत असेल तर मागं उतरून लांब व्हायला शिकवतात, त्यामुळं कुठली गाडी देणार ते आधी ठरवून घ्या. आणि सगळेच ठेकेदार तसे नसतात. साडूंनीसुद्धा गावातली कितीतरी पोरं कामाला लावलीत, पैसे वेळेवर देतात. फक्त वजनाच्या बाबतीत त्यांचं ऐकू नये.

पगाराचा एक आकडा सांगता येत नाही, तो कंपनी, शिफ्ट आणि ओव्हरटाइमवर आहे. हजेरी कुणाच्या नावावर लागणार आणि पीएफ-ईएसआय कापणार का, हे पहिल्याच दिवशी विचारा. ‘तेही मी बघतो’ म्हणाला तर दुसरं गोडाऊन बघा, वाळूजला गोडाऊनला तोटा नाही.